चौथा तास

वर्तमानपत्राचा माणूस घरी आला तेव्हा त्याने पहिली सूचना आईला केली. "माताजी, झोली सामने से दिखनी चाहिए." झोळी म्हणजे माझा उजवा हात ज्यात अडकवून ठेवलेला असतो ती. आई प्रत्येक ड्रेसच्या ओढणीचं थोडं कापड बाजूला काढते आणि त्याचीच झोळी शिवते, म्हणजे ती मॅचिंग होते आणि कोणाच्या नजरेत येत नाही. त्या दिवशी मात्र ती नजरेत यायला हवी होती. मग त्याने माझ्या डाव्या हातात पेन दिलं आणि जरा वर बघा म्हणाला. वर आमच्या क्वार्टरचा पंखा होता, मी पंख्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं की एका हाताने लढणारी ही मुलगी बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आली, तिची प्रेरणा तिचे आईवडील आणि नर्मदामाई, आणि पुढे तिला देशाची सेवा करायची आहे. यातलं पहिली आले एवढंच मी सांगितलं होतं, बाकीचं त्याने स्वतःच्या मनाने घातलं.

मला काय हवं होतं ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर छापण्यालायक नव्हतंच. मला तीन तासांत पेपर लिहून, घंटा झाली की सगळ्यांबरोबर बाहेर यायचं होतं. पहिला नंबर आला तर आला. माझा सगळा खटाटोप बाहेर येण्यासाठी होता. हे ऐकून लोक हसतात किंवा मला फार नम्र समजतात. मी नम्र नाही, माझ्या आईला विचारा.

अपघात झाला तेव्हा मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. गणित घेतलं होतं, आवडत होतं, आणि आवडतं हे वर्गाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायची सवय होती. थंडीचे दिवस होते. पनागरला मैत्रिणीकडे गेले होते, येताना स्कूटीसमोर मटाराची पोती लादलेली ट्रॉली होती. मागे लाइट नव्हता, ती थांबली हे मला उशिरा कळलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. उजवा खांदा दुभाजकावर आपटला आणि मान दुसऱ्या बाजूला गेली. एकही हाड मोडलं नाही. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा मुळापासून ओढल्या गेल्या होत्या. पायातली एक नस काढून तिथे जोडली, आत्याच्या घरी महिनोन् महिने राहून व्यायाम केले, आणि शेवटी कोपर थोडं वाकायला लागलं. बोटं हललीच नाहीत, आताही हलत नाहीत. गंमत अशी की हा हात काम काही करत नाही, दुखतो मात्र रोज, कोणीतरी त्यावर कढत पाणी ओतत असल्यासारखा. डॉक्टर म्हणतात की हात गेलाय हे डोक्याला अजून कळलेलं नाही. माझ्या डोक्याला चांगलं कळलंय, असं मी त्यांना म्हणणार होते, पण आत्या बाजूला उभी होती.

एक वर्ष गेलं. परत आले तेव्हा माझ्या मैत्रिणी पुढच्या वर्गात होत्या. सुरुवातीला त्या दवाखान्यात आल्या होत्या, रडल्या होत्या, माझ्या झोळीवर स्केचपेनने फुलं काढून गेल्या होत्या. मग फोन आले, मग मेसेज, मग वाढदिवसाचे मेसेज. मी त्यांना दोष देत नाही, त्यांचा अभ्यासक्रम पुढे गेला होता. नवीन वर्गातली मुलंमुली माझ्यापेक्षा वर्षाने लहान होती आणि सगळी मला दीदी म्हणायची. मी वर्गात शिरले की पहिल्या बाकावरची उठून जागा द्यायची. दीदी, आप बैठिए. दीदी, बैग हम रख दें? माझ्या शेजारी बसायला त्यांना संकोच वाटायचा, म्हणून पहिल्या बाकावर मी एकटीच बसायचे. इतक्या आदराने मला आयुष्यात कोणी वाळीत टाकलं नव्हतं.

घरीही तेच, फक्त प्रेमाने. आमचं घर जबलपूरच्या जुन्या मराठी घरांसारखंच, बाहेर हिंदी, आत मराठी, आणि देवघरात जरा जास्तच मराठी. तीर्थ उजव्या हातावरच घ्यायचं. आई पूजेनंतर माझा उजवा हात झोळीतून काढायची, तळवा वर करून आपल्या तळव्यावर ठेवायची आणि त्यात पळीभर पाणी घालायची. थंड की कोमट, मला कळायचं नाही. मग तो हात तीच माझ्या तोंडापर्यंत आणायची. एकदा मी डावा हात पुढे केला तर ती स्वयंपाकघरात जाऊन फोडणी देत बसली, आणि त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. तेव्हापासून मी वाद घातला नाही.

परीक्षेला मला लेखनिक मिळाली. नियम असा की तुमच्यापेक्षा खालच्या वर्गातली आणि तुमचा विषय नसलेली व्यक्ती तुमच्यासाठी लिहिणार, तुम्ही तोंडाने सांगायचं. बाबांनी शोध घेतला तेव्हा आमच्या मागच्या क्वार्टरमधल्या भाभी तयार झाल्या. बाबा डिफेन्सच्या कारखान्यात तपासणी विभागात होते, भाभींचे मिस्टर त्याच कारखान्यात. भाभी शहपुऱ्याच्या. लग्नानंतर बारावी घरूनच करत होत्या, हिंदी साहित्य घेऊन. अक्षर असं की बघत राहावं. पेपरच्या दिवशी त्या इस्त्रीची साडी नेसायच्या, केसांत पिन लावायच्या आणि ऑटोत माझ्या आधी जाऊन बसायच्या. सासूच्या संमतीने घराबाहेर पडायला मिळतं असे त्यांचे वर्षातले दिवस म्हणजे माहेर आणि माझे पेपर. 

आम्हा दोघींना वेगळी खोली मिळायची, कारण मी बोलणार आणि हॉलमधल्या इतरांना त्रास होणार. ती प्रयोगशाळेमागची सामानाची खोली होती. तुटक्या काचा, आम्लाचा वास, एक बाक, आणि दारात खुर्ची टाकून बसलेले एक सर, जे पहिल्या अर्ध्या तासात पेंगायचे. मी डोळे मिटून सांगायचे. उघडे ठेवले तर दुसऱ्याच्या हाताने माझं गणित उतरताना दिसायचं आणि माझ्या तोंडून काहीतरी वाईट निघायची भीती होती. "कोष्ठक शुरू. एक्स की घात दो. कोष्ठक बंद. नीचे लंबी लाइन." भाभी समाकलनाचं चिन्ह सावकाश, वेलबुट्टीसारखं काढायच्या. प्रत्येक उत्तराखाली पट्टीने दोन रेघा. मी म्हणायचे, भाभी, रेघा राहू द्या, वेळ जातो. त्या म्हणायच्या, "हओ," आणि रेघा मारायच्या.

वेळ मात्र भरपूर होता. लेखनिक असलेल्याला तीन तासांच्या पेपरला चार तास मिळतात. नियम चांगलाच आहे, ज्याला हवा त्याला मिळायलाच हवा. पण तो चौथा तास मला खायला उठायचा. तिसऱ्या तासाच्या शेवटी घंटा व्हायची आणि लगेच बाहेरून आवाज यायचा, सगळा हॉल एकदम पायऱ्यांवर सांडल्याचा. "पाँचवें का क्या आया?" "अरे मेरा तो माइनस में आया." "झूठ, शून्य है." ज्यांनी परीक्षा दिल्या आहेत त्यांना हा आवाज माहीत आहे. अपघाताआधी त्यात सर्वांत मोठा आवाज माझा असायचा. प्रश्नपत्रिकेच्या मागे गणित सोडवून समोरच्याच्या नाकासमोर धरायचं, तो चुकला हे सिद्ध करायचं, मी चुकले असले तरी अर्धा तास हार मानायची नाही. मला गणित आवडायचं म्हणजे त्यातलं निम्मं हेच आवडायचं. आणि आता मी काचांच्या खोलीत बसून "कोष्ठक बंद" म्हणत होते, तोपर्यंत बाहेरचा आवाज हळूहळू विरळ व्हायचा.

आम्ही बाहेर यायचो तेव्हा पटांगणात कोणी नसायचं. पायऱ्यांवर चण्याच्या पुड्यांचे कागद, एखादी चुरगळलेली प्रश्नपत्रिका. चहावाला स्टोव्ह विझवून ग्लास विसळत असायचा. चपरासी किल्ल्यांचा जुडगा वाजवत आमच्या मागे यायचा, म्हणजे लवकर निघा. भाभी विचारायच्या, "हमने ठीक लिखा न?" मी म्हणायचे, खूप छान लिहिलंत. पाचव्याचं काय आलं हे त्यांना विचारून उपयोग नव्हता, माझंच त्यांनी लिहिलं होतं. 

पहिल्या वर्षी मी वर्गात पहिली आले. दुसऱ्या वर्षी तर निकालच आला नाही. म्हणजे सगळ्यांचा आला, माझ्यापुढे लिहिलं होतं की रोखला आहे. विद्यापीठातून बोलावणं आलं, अनुचित साधनांचं प्रकरण आहे म्हणून. बाबांनी आयुष्यात कारखान्याच्या गेटवरही कधी डबा उघडून दाखवायला का-कू केली नव्हती, त्यांचा चेहरा उतरला. आम्ही तिघं गेलो, मी, बाबा आणि डोक्यावर पदर घेतलेल्या भाभी. टेबलामागच्या साहेबांनी उत्तरपत्रिका उघडून आमच्याकडे फिरवली. पहिल्या पानावर, समासाच्या वर, कोपऱ्यात, भाभींच्या त्या देखण्या अक्षरात बारीक लिहिलेलं होतं: नर्मदे हर.

उत्तरपत्रिकेवर देवाचं नाव, खूण, काहीही ओळख पटेल असं लिहायचं नसतं. मुखपृष्ठावरच तसं छापलेलं असतं. परीक्षकाला ती ठरलेली खूण वाटू शकते. मी डोळे मिटून बसलेली, मला दिसलंच नव्हतं. भाभींनी दोन वर्षं प्रत्येक पेपरवर ते लिहिलं होतं, यंदा एका परीक्षकाने धरलं एवढंच. आमच्या शहरात दुकानाची पाटी, लग्नाची पत्रिका, दुधाचा हिशेब, सगळं त्याच दोन शब्दांनी सुरू होतं. भाभी म्हणाल्या, "साब, कोरा पन्ना ऐसेई कैसे शुरू कर दें? बिटिया का पेपर था." साहेब म्हणाले, "वो तो ठीक है, पर नियम है." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि म्हणाले, "नर्मदे हर, बोलिए भाई साब." खोलीत कोणी हसलं नाही. मी हसले, आणि बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीकडे तोंड केलं.

समज देऊन प्रकरण मिटलं. निकाल दोनेक महिन्यांनी सुटला, त्यातही मी पहिली होते. पण तोपर्यंत वर्गातले पेढे वाटून झाले होते, फोटो टाकून झाले होते, पुढचं वर्ष सुरू झालं होतं. माझा निकाल मी दुपारी घरात एकटीने मोबाइलवर बघितला. आई भाजी आणायला गेली होती. ती येईपर्यंत मी तो पडदा विझू देत नव्हते, सारखी बोटाने टेकत होते. निकालसुद्धा मला चौथ्या तासात मिळाला, असं वाटलं, आणि त्याच दुपारी मी ठरवलं की शेवटच्या वर्षाचे पेपर मी हॉलमध्ये बसून, स्वतःच्या हाताने, तीन तासांत लिहिणार.

बाबा म्हणाले, "काहून पण? नियमानंच मिळून राहिलं ना तुला? भीक थोडी आहे ती."

"भीक नाही बाबा. मला नको आहे."

"नंबर जाईल तुझा," आई म्हणाली. "एवढी मेहनत करून राहिली तू, कशासाठी?"

मी सांगितलं, सगळ्यांबरोबर बाहेर यायचं आहे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आईला वाटलं नागपूरच्या औषधांनी डोक्यावर परिणाम झाला. बाबा मात्र थोड्या वेळाने उठले आणि जुन्या कॅलेंडरची पानं घेऊन आले, मागची बाजू कोरी असते म्हणून.

सोप्या कामाला डाव्या हातचा मळ म्हणणाऱ्यांनी एकदा डाव्या हाताने समाकलन लिहून बघावं. डावा हात जिथून लिहीत जातो तिथली शाई पुसत जातो. करंगळीपासून मनगटापर्यंत माझा हात निळा व्हायचा. कागद धरायला दुसरा हात नाही, म्हणून कागद हाताबरोबर सरकतो. बाबांनी रांझीच्या एका लेथवाल्याकडून लोखंडाची जड पट्टी करून आणली, कडा इतक्या घासलेल्या की कागदाला ओरखडा पडणार नाही. ती ठेवली की कागद जागेवर राहायचा. अक्षर पहिलीतल्या पोराचं होतं, मग तिसरीतल्या, मग एका वाईट डॉक्टरचं. बाबा कामावरून आले की चहा घेत समोर बसायचे, घड्याळ लावायचे आणि माझं एक उत्तर होईपर्यंत काही बोलायचे नाहीत. उजवा हात पेटलेला असला की मी मध्येच उठायचे, चिडचिड करायचे, पेन फेकायचे. ते पेन उचलून ठेवायचे. वेळ मात्र थांबवायचे नाहीत, आणि याचा मला फार राग यायचा.

भाभींना सांगायला मीच गेले. त्या अंगणात पापड वाळत घालत होत्या. मी म्हटलं, भाभी, यंदा मी स्वतः लिहिणार. त्यांनी पापड घालणं थांबवलं नाही. "हमसे गलती हो गई न," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नाही भाभी, त्याच्यामुळे नाही, खरंच. मला सगळ्यांबरोबर हॉलमध्ये बसायचंय. त्या "हओ" म्हणाल्या. रेघा मारतानाचाच तो हओ होता, म्हणजे त्यांनी ऐकलं होतं आणि मानलं नव्हतं. मला त्यांची इस्त्रीची साडी आठवली, ऑटोत आधी जाऊन बसणं आठवलं, आणि फार वाईट वाटलं. पण मी निर्णय बदलला नाही. घरी आल्यावर आईजवळ रडले, ती म्हणाली, "आता काहून रडून राहिली? तूच म्हटलं ना." 

प्राचार्यांनी लिहून घेतलं की लेखनिक आणि जादा वेळ मी स्वखुशीने नाकारते आहे. पहिल्या पेपरला हॉलमध्ये शिरले तेव्हा पंख्यांचा आवाज, बाकांचा आवाज, दोनशे पोरांच्या खोकल्याचा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की प्रश्नपत्रिका उशिरा वाचायला घेतली. पर्यवेक्षिका बाईंनी लोखंडी पट्टी उलटसुलट करून बघितली, खाली काही कोरलंय का म्हणून. शेवटचा प्रश्न सुटला नाही, वेळ पुरला नाही. घंटा झाली आणि मी सगळ्यांबरोबर, ढकलाढकलीत, खांदा सांभाळत बाहेर आले.

पायऱ्यांवर घोळके होते. मी एका घोळक्याजवळ गेले. सगळे गप्प झाले आणि एक मुलगी म्हणाली, "दीदी, आपने ख़ुद लिखा? बहुत हिम्मत है आपमें." दुसरी म्हणाली, "आपका तो अच्छा ही गया होगा." मी विचारलं, तिसऱ्याचं काय आलं? मुलांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने भीतभीत उत्तर सांगितलं. मी म्हटलं, माझं वेगळं आलंय. तर तो घाईघाईने म्हणाला, "तो फिर दीदी आपका ही सही होगा," आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मला वाट करून दिली, कोणीतरी माझी बॅग घ्यायला पुढे आलं. मी ऑटोत बसले. एवढं सगळं करून मी पटांगणाच्या मधोमध पोचले होते आणि अजून त्या सामानाच्या खोलीतच होते. त्या दिवशी चौथ्या तासाची आठवण येऊन वाटलं, तेव्हा निदान भाभी तरी होत्या.

पुढचे पेपरही तसेच गेले. रोज मी बाहेर यायचे, रोज माझं बरोबर असायचं. एका पेपरला माझं चुकलंय हे मला घरी आल्यावर पुस्तक बघून कळलं, आणि त्या पायऱ्यांवरच्या कोणाला तरी ते कळलं असणारच. पण मला कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या पेपरला उत्तरपत्रिका संपली आणि पुरवणी घ्यावी लागली. मी वर्षभर सगळ्याचा सराव केला होता, पण पुरवणी दोऱ्याने बांधावी लागते हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एका हाताने गाठ मारता येत नाही. बाई हॉलच्या दुसऱ्या टोकाला होत्या. मी दोऱ्याचं एक टोक दातांत धरलं, दुसरं बोटांनी फिरवलं, गाठ बसली तोवर दोरा ओला झाला होता. तोंड वर केलं तर पलीकडच्या बाकावरची मुलगी माझ्याकडेच बघत होती. बारीक, जाड चष्म्याची, तीन वर्षांत तिच्याशी माझा एक शब्द झाला नव्हता, कारण ती कोणाशीच बोलायची नाही. तिच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं. तिने माझ्या उघड्या पानावर नजर टाकली, कपाळाला आठी घातली आणि पुन्हा स्वतःच्या पेपरात डोकं घातलं. 

घंटा झाल्यावर ती पायऱ्यांवर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नमस्ते नाही, दीदी नाही.

"चौथे में क्या आया तुम्हारा?"

मी उत्तर सांगितलं.

"गलत है," ती म्हणाली.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "क्यों गलत है?"

"क्रम बदला तुमने, सीमा नहीं बदली. दिख रहा था."

"दूसरे का पेपर देखती हो?"

"इतना बड़ा-बड़ा लिखती हो, दिखेगा नहीं?"

आजूबाजूची पोरं थांबली. एकजण हळूच म्हणाला, "अरे, दीदी को ऐसे मत..." ती त्याच्याकडे वळली, "दीदी हैं तो क्या क्षेत्रफल बदल जाएगा?" मी म्हटलं, माझ्या सीमा बरोबर आहेत, आकृती काढून बघ. ती म्हणाली तूच काढ. आम्ही तिथेच पायरीवर बसलो. मी तिच्या प्रश्नपत्रिकेच्या मागे आकृती काढली, तिने माझ्या आकृतीवर काट मारली. मी तिच्या काटेवर काट मारली. माझा आवाज चढला होता. तिचाही. चहावाला म्हणाला, भांडायचंय तर चहा घेऊन भांडा, म्हणून आम्ही चहा घेतला. मी प्रत्येक बाजूने प्रयत्न केला, प्रश्नच चुकीचा छापलाय असंही म्हणून बघितलं. काही चाललं नाही. रेघ जिथे वक्राला छेदत होती तिथून सीमा फिरते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही दिसलं असतं. माझं उत्तर चूक होतं. पूर्ण चूक, एकाही पायरीचे गुण मिळू नयेत इतकं.

"गया," ती म्हणाली. "पूरा सवाल गया तुम्हारा."

मी तो कागद बघत राहिले आणि मला रडू फुटलं. तीन वर्षांत मला कोणी चूक म्हटलं नव्हतं, आईने नाही, सरांनी नाही, वर्गाने नाही. मला इतका आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं, आणि पुसायला हात रिकामा नव्हता, त्यात चहाचा ग्लास होता. ती घाबरली नाही. चष्मा वर ढकलत, जरा वैतागून म्हणाली, "एक सवाल के लिए कोई रोता है क्या? रो मत. पाँचवाँ बताओ, उसमें क्या आया?"